बनसोडे डॉक्टरांचे वीस टक्के

आमच्या साताऱ्यातल्या एका दैनिकाने बनसोडे डॉक्टरांचे वीस टक्के खाल्ले. सरळ सांगतो, कारण आडवळणाने बोलायची मला सवय नाही. टक्के म्हटल्यावर लोकांना दलाली आठवते. मी व्यापारी माणूस, मलाही आधी तीच आठवते. पण हे टक्के पावसाचे होते. दैनिकाचं नाव घेत नाही. घेतलं तर त्यांची फुकट जाहिरात होईल, आणि फुकट मी आजवर कुणाला काही दिलेलं नाही.

बनसोडे डॉक्टर म्हणजे सुई टोचणारे डॉक्टर नव्हेत. ते हवेचे डॉक्टर. पुण्यात मोठ्या संशोधन संस्थेत ढगांचा अभ्यास करत होते. मुदतीआधीच नोकरी सोडून साताऱ्याला आले आणि माझ्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. पहिल्या आठवड्यात शेजारची म्हातारी कंबर धरून जिना चढली. डॉक्टरांनी तिला बसवलं, चहा दिला, आणि आर्द्रता वाढली की सांधे का दुखतात यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, हे नीट समजावून सांगितलं. म्हातारी खाली आली ती मला म्हणाली, "गुणाचा हाय रं बाबा डाक्टर, पर गोळी देत न्हाई."

माझं दुकान ताडपत्रीचं. माण तालुक्यातल्या कोरड्या गावातून आलो, एसटी स्टँडबाहेर जुनी पोती विकली, पोत्यांवरून ताडपत्रीवर आलो. मला कुणी काही दिलं नाही आणि मी कुणाला भावात सोडलं नाही. असा मी, आणि माझ्या डोक्यावर असा माणूस, ज्याने आयुष्यात कधी 'हो' किंवा 'नाही' म्हटलं नाही.

शब्दशः सांगतोय. डॉक्टर टक्क्यांत बोलायचे. "डॉक्टर, चहा घेणार?" "सत्तर टक्के." "उद्या पुण्याला जाणार म्हणे?" "चाळीस. गाडीवर अवलंबून." आमच्या मंडळींनी एकदा सणाला विचारलं, "भावजी, जेवायला येताय न्हवं?" डॉक्टर म्हणाले, "ऐंशी टक्के, वहिनी." ती माझ्यासारखीच सरळ. म्हणाली, "मग तुमच्या पाचातल्या चारच पोळ्या लाटते." डॉक्टर आले, चार पोळ्या खाल्ल्या आणि म्हणाले, "वहिनी, तुमचा अंदाज बरोबर निघाला." पाचवी तिने तव्यावर झाकून ठेवलीच होती. तीही खाल्ली.

लग्नाचं विचारलं तेव्हा त्यांनी आधी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, "शक्यता होती. एकदा साठ टक्क्यांपर्यंत गेली होती."

"मग?"

"मग वारा बदलला."

मी पुढे विचारलं नाही. सौदा मोडला की पुन्हा भाव विचारू नये, हा आमच्या धंद्यातला नियम आहे.

पावसाच्या बाबतीत मात्र मी त्यांच्याशी रोज घासाघीस करायचो. मला माणसाच्या तोंडून निघालेला पहिला आकडा खरा वाटतच नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं असलं की मी जिन्याकडे तोंड करून ओरडायचो, "आवं डॉक्टर, आज किती?"

वरून आवाज यायचा, "तीस."

"तीस? आभाळ बघा की जरा! पन्नास करा."

"तीसच, मानेशेठ."

"बरं, तुमचं न्हाई, माझं न्हाई. चाळीस!"

"मानेशेठ, आकाश तुमचं गिऱ्हाईक नाही."

गिऱ्हाईक हसायचं. मी चिडायचो. आणखी चीड यायची ती डॉक्टर खाली उतरून गिऱ्हाइकालाच समजावू लागले की. "हे पाहा, तीस टक्के म्हणजे आजच्यासारखे दहा दिवस घेतले तर त्यातले तीन दिवस पाऊस पडतो, सात दिवस नाही." गिऱ्हाईक विचारायचं, "मग आजचा दिस तिनातला का सातातला?" डॉक्टरांचा चेहरा उजळायचा. "हाच तर खरा प्रश्न आहे! ते मला माहीत नाही." झालं. गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं, मी ताडपत्रीकडे बघायचो, आणि ते 'येतो' म्हणून जायचं. त्या माणसाने माझी किती गिऱ्हाइकं खरं बोलून घालवली असतील!

एकदा मी भडकून म्हणालो, "तुमचं बोलणं म्हंजी नुसतं इकडं बी न्हाई आन् तिकडं बी न्हाई. ठाम बोला की एकदा!"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ठाम बोलणारे पुष्कळ आहेत, मानेशेठ. त्यांना पुन्हा कुणी विचारत नाही, म्हणून ते ठाम असतात."

आता त्यांच्या खऱ्या कामाबद्दल सांगतो. डॉक्टरांचं म्हणणं असं की आपल्या भागासारखी पावसाची शाळा जगात शोधून सापडणार नाही. महाबळेश्वरला पाऊस घरात राहायला येतो, आणि तिथून पूर्वेला निघालं की दर काही कोसांवर तो निम्मा होत जातो. पार जतकडे गेलं की टँकर दिसतो, पाऊस दिसत नाही. ही सगळी उतरण पोरांनी स्वतःच्या हाताने मोजावी, अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी खिशातून पैसे घालून पत्र्याचे पर्जन्यमापक करून घेतले. वर नरसाळं, आत बाटली, सोबत मोजायला काचेची नळी. एसटीच्या टपावर टाकून ते शाळाशाळांत नेऊन बसवले. महाबळेश्वर, वाई, लोणंद, दहिवडी, आणि शेवटचा जत तालुक्यातल्या एका वस्तीशाळेत. पोरांना शिकवलं, मास्तरांना शिकवलं. सकाळी साडेआठ वाजता पाणी मोजायचं, कारण देशभर त्याच वेळी मोजतात, आणि आकडा साताऱ्याला फोनने कळवायचा.

फोन कुणाचा? माझा. डॉक्टरांनी अर्ज केला होता, पण तेव्हा अर्ज करणारा म्हातारा व्हायचा आणि नातवाला फोन मिळायचा. म्हणून रोज साडेआठच्या सुमाराला डॉक्टर इस्त्रीचा सदरा घालून खाली यायचे आणि माझ्या गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसायचे. इस्त्रीचा सदरा फक्त एवढ्यासाठी. बँकेत जाताना ते चुरगळलेला घालत.

सुरुवातीला एकेक गमती झाल्या. वाईच्या मुख्याध्यापकांचा आकडा भर आषाढात सतत शून्य. इकडे कृष्णेचं पाणी घाटाच्या पायऱ्यांवर चढलेलं. डॉक्टर घाबरे होऊन पहिल्या गाडीने वाईला गेले. बघतात तर पर्जन्यमापक ऑफिसच्या लोखंडी कपाटात, कुलपात. मुख्याध्यापक म्हणाले, "साहेब, चांगली वस्तू आहे, बाहेर ठेवली तर चोरीला जाईल. पण नोंद आम्ही रोज न चुकता घेतो. कपाट उघडून." आणि महाबळेश्वरचे मास्तर फोनवर ओरडायचे, "सर, बाटली भरून वाहिली! मावत न्हाई ओ! आता काय करू?" डॉक्टर म्हणायचे, "मोठी बाटली पाठवतो." मोठी पाठवली. तीही वाहिली. मी मध्येच म्हणालो, "त्यास्नी हौद द्या बांधून."

पण सगळ्यात मजेशीर जतचे बिरादार गुरुजी. वस्तीवरून सायकल मारत एसटीडी बूथपर्यंत यायचे आणि मोठ्या रुबाबात सांगायचे, "शून्य, सर. निव्वळ शून्य!" आठवडाभर शून्य. महिनाभर शून्य. मी एकदा डॉक्टरांना म्हणालो, "आवं, शून्यच सांगायचं तर फोन कशाला? फोन आला न्हाई म्हंजी शून्य, असं ठरवून टाका की. बिचाऱ्याची सायकल तरी वाचंल."

तेव्हा पहिल्यांदा डॉक्टर माझ्यावर तापले. "अजिबात नाही. फोन आला नाही, याचा अर्थ काहीच कळलं नाही असा होतो. शून्य आलं, याचा अर्थ तिथे कुणीतरी जाऊन बघितलं असा होतो. फार फरक आहे, मानेशेठ."

आकडा घेतल्यावर डॉक्टर लगेच फोन ठेवत नसत. माझी लाईन अडकायची म्हणून मी घड्याळ दाखवायचो, तरी एक प्रश्न ते विचारायचेच. महाबळेश्वरच्या मास्तरांना, "गळणारा कोपरा बुजवला का?" लोणंदच्या बाईंना, "सासूबाईंचा डोळा कसा आहे?" बिरादार गुरुजींना, "मुलगी अभ्यास करते ना?" गुरुजींची थोरली दहावीला होती, आणि तिला पुढे विज्ञानाला घालायचं की लग्न करून द्यायचं, यावर त्यांच्या घरात वाद चालला होता. डॉक्टर त्या वादात जतपासून इतक्या लांबून, माझ्या फोनवरून, भाग घेत होते. आणि तिथे मात्र टक्के नव्हते. "विज्ञानाला घाला. मी सांगतोय, घाला." मी कान टवकारून ऐकलं. इतकं ठाम ते पावसाबद्दल कधी बोलले नव्हते.

आता त्या दैनिकाकडे वळतो.

उन्हाळा सरत आला होता. लोणंदच्या बाजारात कांदा आला होता आणि मोकळ्यावर पसरला होता. वळवाचे दिवस. दैनिकाचा एक वार्ताहर माझ्या दुकानात आला, डॉक्टरांना शोधत. दोन दिवसांचं हवामान विचारलं. मी समोर बसलो होतो, शब्द न् शब्द ऐकला. डॉक्टर म्हणाले, "लोणंद भागात वळवाची शक्यता वीस टक्के. शक्यता कमी आहे, पण शून्य नाही. माल उघड्यावर असेल तर झाकण जवळ ठेवावं."

मी म्हणालोसुद्धा, "तीस लिहा ओ, झाकण माझ्याकडं हाय." वार्ताहर हसला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मथळा: 'पाऊस नाही! हवामान शास्त्रज्ञाचा निर्वाळा.' खाली डॉक्टरांचा फोटो. बातमीत 'वीस' नाही, 'शक्यता' नाही, 'झाकण' नाही. बातमीच्या पोटात कात्री मारली होती आणि तिथे कुठल्याशा पुढाऱ्याचा गॉगल लावलेला फोटो, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.

आणि त्या संध्याकाळी लोणंदला वळीव आला. गारांसकट.

भिजलेल्या कांद्याचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना पुढचं सांगायला नको. चार-पाच व्यापारी जीप करून माझ्या दुकानात आले. एक म्हणाला, "कुठंय तो निर्वाळेवाला?" दुसरा तर हुशारच. तो म्हणाला, "ही दोगांची मिलीभगत हाय. त्यानं पाऊस न्हाई म्हणायचं आन् ह्या मान्यानं ताडपत्र्या खपवायच्या."

माझं डोकं फिरलं. "आरं येड्या, पाऊस येणार म्हणलं तर ताडपत्री खपती. न्हाई म्हणल्यावर कोण घेतंय? एवढा हिशेब कळंना तुला आन् कांद्याचा लिलाव बोलतोस व्हय रं?"

बाकीचे त्याच्याकडे बघू लागले. पण राग खरा होता, नुकसानही खरं होतं, आणि पेपरात फोटो डॉक्टरांचा होता. डॉक्टर जिन्यावर येऊन उभे राहिले. म्हणाले, "मी वीस टक्के म्हणालो होतो." जीपवाला म्हणाला, "पेपरात कुठं हाय?"

त्या व्यापाऱ्यांतलाच एकजण लोणंदच्या त्या शाळेच्या कमिटीवर होता. दोन दिवसांत शाळेतला पर्जन्यमापक उपटला. मग बोभाटा झाला. वरून कुणीतरी कुणाला तरी सांगितलं, कागद नाही, शिक्का नाही, नुसतं तोंडी, की शाळेत असले खासगी प्रयोग नकोत, उद्या पालक अंगावर आले तर जबाबदार कोण? वाईचा पर्जन्यमापक पुन्हा कपाटात गेला. दहिवडीचा गेला. महाबळेश्वरच्या मास्तरांनी एकदा चोरून फोन केला आणि आकडा सांगायच्या आत ठेवला. शेवटी जतचा फोनही बंद झाला.

मी दैनिकाच्या कचेरीत गेलो. संपादक माझ्या ओळखीचे. दरवर्षी माझ्याकडे दिवाळीची जाहिरात मागायला येतात. मी म्हणालो, "साहेब, माणसाचे वीस टक्के खाल्ले तुमी. परत द्या."

संपादक म्हणाले, "मानेशेठ, बसा. चहा घ्या. अहो, वाचकाला टक्के कळत नाहीत. त्याला हो की नाही एवढंच लागतं."

"मग बातमीत तरी घालायचं."

"जागा नव्हती."

"शुभेच्छांना हुती."

"ती जाहिरात आहे. तुम्ही व्यापारी माणूस, तुम्हाला मी काय सांगू?"

"खुलासा छापा."

"छापू की. जागा झाली की छापू."

मी त्यांच्या चहाला हात लावला नाही. माझी दिवाळीची जाहिरात बंद, असं सांगून जिना उतरलो. खुलासा आजपर्यंत आलेला नाही. त्या पुढाऱ्याचा त्यानंतर आणखी एक वाढदिवस झाला. त्याला मात्र जागा झाली.

डॉक्टरांना मी हे सगळं रागारागाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "पाऊस न पडण्याची शक्यता ऐंशी होती, मानेशेठ. त्यांनी तेवढी छापली. अगदीच खोटं नाही." असल्या माणसाची बाजू घेऊन भांडायचं म्हणजे ओल्या पोत्याला गाठ मारण्यासारखं आहे.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून खाली आले. साडेआठला स्टुलावर बसले. फोन वाजला नाही. नऊ वाजता उठून वर गेले. तिसऱ्या दिवशी तेच. पुढच्या आठवड्यात तेच. पावसाळा आला. रस्त्यावरून पाणी वाहायला लागलं, माझ्या दुकानात ताडपत्रीला झुंबड उडाली, आणि त्या झुंबडीत हा माणूस गल्ल्याशेजारी, फोनकडे तोंड करून. फोन यायचे, पण माझे. दर वेळी त्यांचा हात आधी पुढे जायचा, आणि मग ते म्हणायचे, "तुमचा आहे."

मला ते बघवेना. एका सकाळी मी "आलोच" म्हणून रस्ता ओलांडला आणि समोरच्या मेडिकलमधून माझ्याच दुकानाचा नंबर फिरवला. तोंडावर रुमाल धरला आणि बिरादार गुरुजींचा आवाज काढला. "शून्य, सर! निव्वळ शून्य!"

मग डॉक्टर म्हणाले, "मानेशेठ, रुमाल काढा. मला इथून दिसताय तुम्ही."

मी वर बघितलं. रस्त्यापलीकडे, माझ्याच दुकानात, माझ्याच फोनवर डॉक्टर, माझ्याकडे बघत. मधून एक एसटी गेली. ती गेल्यावर पुन्हा तसेच बघत.

"तुम्ही जतचा पर्जन्यमापक बघून आलात का?"

"न्हाई."

"मग हा आकडा धरता येणार नाही."

"नका धरू," मी चिडून म्हणालो. मला वाटलं आता ठेवतील. ठेवला नाही. मेडिकलवाला त्याचा फोन अडला म्हणून माझ्याकडे डोळे वटारत होता. मी त्याला हाताने थांब म्हटलं.

"गुडघा कसा आहे तुमचा?" डॉक्टरांनी विचारलं.

माझा गुडघा दुखतो हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. पोती उचलून उचलून गेलेला गुडघा आहे. माझ्या घरच्यांनीही विचारायचं सोडून दिलंय. मी म्हणालो, "ठीक हाय. जिना चढताना धरतो."

"शेक घ्या."

"घेतो."

आम्ही दोघं रस्त्याच्या दोन बाजूंना फोन कानाला लावून उभे. मी म्हणालो, "आवं डॉक्टर, तुमीच का करत न्हाई गुरुजींना फोन? बूथवाला निरोप देतोय की."

"त्यांना तोंडी मनाई झालीय. माझा फोन गेला तर वस्तीवर बोभाटा होईल. त्यांची नोकरी आहे."

"मग मी जाऊन येतो जतला."

"तुम्हीसुद्धा नको. तुम्ही भांडाल."

हे खरं होतं.

मग डॉक्टर म्हणाले, "दहावीचे निकाल लागून गेले, मानेशेठ. मुलीचं काय झालं, ते कळलंच नाही."

मी सवयीने विचारलं, "विज्ञानाला गेली असंल. किती टक्के धरायचे?"

त्या माणसाकडे पहिल्यांदाच आकडा नव्हता.

संपादकसाहेब, आता खुलासा नको. तो आता शिळा झालाय, शिळा माल मी घेत नाही. तुम्ही एक करा. एखाद्या सकाळी साडेआठच्या आत माझ्या दुकानात या. डॉक्टर असतील, ते अजून येतात, इस्त्रीचा सदरा घालून. मी तुम्हाला शेजारी स्टूल देतो. नऊ वाजेपर्यंत त्यांच्याबरोबर न वाजणाऱ्या फोनकडे बघत बसा. आणि मग उठून, मला नव्हे, त्यांना तोंडावर सांगा, की जागा नव्हती.